कॅमेरा घेऊ, कोर्स करू की मुंबई गाठू? सिनेमॅटोग्राफर होऊ पाहणाऱ्या नाशिकच्या मुलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा चोवीस वर्षांचा, सातपूरला राहणारा. काही सीझन लग्नाचं शूटिंग केलं, हात बसला, थोडे पैसे साठले. गुरुदत्तचे सिनेमे पाहून त्यांचे कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांच्या कामाने त्याला वेड लावलं. आता साठलेल्या पैशांत सिनेमा कॅमेरा घ्यावा, कोर्स करावा की बॅग भरून मुंबईला जावं, आणि मूर्तींसारखं काम करायला नेमकं काय लागतं, असं त्याला विचारायचं आहे.

वयाने बराच लहान आहेस, म्हणून 'तू' म्हणतो. आधी सरळ उत्तर देतो: कॅमेरा घेऊ नकोस. ते पैसे मुंबईत भाड्याची खोली आणि दोन वेळचं जेवण यासाठी जपून ठेव. त्या काळात तू एखाद्या चांगल्या सिनेमॅटोग्राफरच्या हाताखाली उभा राहशील. आमच्या धंद्यात माणूस घडतो तो कोणाच्या शेजारी उभा होता यावर, हे माझं ठाम मत आहे. तू ज्यांचं नाव घेतलंस त्यांची कारकीर्द नीट पाहिलीस तर तुलाही तेच दिसेल.

मूर्तींचा जन्म १९२३ चा, म्हैसूरचा. बंगळूरच्या श्री जयचामराजेंद्र पॉलिटेक्निकमधून त्यांनी १९४६ साली सिनेमॅटोग्राफीचा डिप्लोमा घेतला. म्हणजे शिक्षण व्यवस्थित झालेलं होतं. तरी स्वतंत्र कॅमेरामन म्हणून त्यांचा पहिला सिनेमा, 'जाल', आला १९५२ मध्ये. मधली वर्षं असिस्टंट म्हणून गेली. फली मिस्त्री हे त्या वेळचं फार मोठं नाव, पुढे 'गाईड' त्यांनीच चित्रित केला. मूर्ती त्यांच्याकडे काम करत होते. चेहरा कसा उजळायचा, हे मूर्तींच्या कामात दिसतं त्याची मुळं मिस्त्रींकडे आहेत. हे मी पुस्तकी माहिती म्हणून सांगत नाही. दोघांचे क्लोज-अप एकापाठोपाठ लावून बघ, गालावरची सावली कुठे संपते ते बघ, तुलाही कळेल.

मग १९५१ चा 'बाजी'. गुरुदत्तचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा. कॅमेरामन होते व्ही. रात्रा आणि मूर्ती त्यांचे असिस्टंट. 'सुनो गजर क्या गाए' या गाण्यात आरशातल्या प्रतिबिंबाचा एक अवघड शॉट आहे. तो मूर्तींनी सुचवला आणि रात्रांनी त्यांनाच करू दिला. शॉट जमला, गुरुदत्तने तो माणूस हेरला आणि पुढचा सिनेमा मूर्तींकडे आला.

ही गोष्ट सांगताना सगळे मूर्तींच्या हुशारीचं कौतुक करतात. मला मात्र रात्रांचं मोठेपण जास्त वाटतं. आपल्या सेटवर, आपल्या नावावर जाणारा शॉट असिस्टंटच्या हाती देणं सोपं नसतं. एक तर चूक झाली तर बोलणी आपल्याला बसतात आणि बरोबर झालं तर दिग्दर्शकाची नजर त्याच्याकडे वळते. रात्रांनी दोन्ही पत्करलं. मुंबईत कोणाकडे असिस्टंट म्हणून राहायचं हे ठरवताना हा एकच निकष लाव: हा माणूस हाताखालच्याला शॉट करू देतो का? त्याच्या जुन्या असिस्टंटपैकी किती जण आज स्वतंत्र काम करतात? मोठं नाव असलेल्या माणसाकडे वर्षानुवर्षं लेन्सच्या पेट्या उचलणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्या वाट्याला फक्त पेट्याच आल्या.

मूर्तींच्या बाजूने हा निकष लावून बघ. त्यांच्या असिस्टंटपैकी एक गोविंद निहलानी. त्यांनी १९७१ साली सत्यदेव दुबेंचा मराठी 'शांतता! कोर्ट चालू आहे' चित्रित केला, मग श्याम बेनेगलांचे 'अंकुर', 'निशांत', 'मंथन', 'भूमिका' केले, 'जुनून'साठी राष्ट्रीय पुरस्कार घेतला आणि पुढे 'आक्रोश', 'अर्धसत्य' दिग्दर्शित केले. मिस्त्री, मूर्ती, निहलानी अशी ही सरळ रेघ आहे, आणि तिघांचं काम एकमेकांसारखं दिसत नाही. चांगल्या गुरूकडून शैली उचलायची नसते. पाहायची शिस्त उचलायची असते.

आता तुझ्या आवडीच्या शॉटकडे येतो. 'कागज के फूल', १९५९, भारतातला पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा, चित्रपट. 'वक़्त ने किया' या गाण्यात रिकाम्या स्टुडिओत वरून प्रकाशाचा एक झोत येतो आणि दोन माणसं त्यात उभी आहेत. तू लिहिलं आहेस की एवढा ताकदीचा लाइट त्यांनी कुठून आणला असेल. त्यांनी लाइट आणलाच नाही. बाहेरचं ऊन दोन मोठ्या आरशांवरून फिरवून आत घेतलं.

हे का केलं, ते समजून घे, कारण त्यात सगळी विद्या आहे. कोणताही दिवा जवळ असतो, त्यामुळे त्याचा झोत पुढे जाताना पसरतो आणि फिका पडतो. स्टुडिओच्या छताजवळून जमिनीपर्यंत यायचं म्हटलं तर त्या काळातल्या कुठल्याही दिव्याचा झोत खाली येईपर्यंत रुंद होऊन गेला असता. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात. आरशावरून उडवलेल्या उन्हाची पट्टी वर जेवढी, खाली साधारण तेवढीच राहते आणि खालीही तितकीच प्रखर लागते. हवेत थोडी धूळ किंवा धूर असला की ती पट्टी डोळ्यांना दिसते. हवा अगदी स्वच्छ असेल तर झोत दिसत नाही, फक्त जमिनीवर चट्टा दिसतो.

आणि अडचण काय, तर सूर्य थांबत नाही. तो तासाला पंधरा अंश सरकतो, म्हणजे चार मिनिटांत एक अंश. आरसा जागेवर ठेवला तर दहा मीटरवर पडणारा चट्टा चार मिनिटांत साधारण वीतभर सरकतो. म्हणजे आरशापाशी सतत एक माणूस हवा, तालीम होईपर्यंत चट्टा ढळू न देणारा. ढग आला की काम थांबलं. असा शॉट एकट्याने होत नाही. लाइटमनशी तुझं कसं आहे, तो तुझ्यासाठी उन्हात उभा राहील का, यावर तो ठरतो. मूर्तींच्या नावाने आपण तो शॉट ओळखतो, पण आरसा धरणारा हात कोणाचा होता ते कुठे नोंदलेलं नाही.

हे तू घरी करून बघ. कपाटाचा आरसा काढ, गच्चीत ठेव, खिडकीतून ऊन आत घे. बाकीच्या खिडक्या काळ्या कापडाने पक्क्या बंद कर. खोलीत धूप लाव. आईला किंवा भावाला त्या पट्टीच्या कडेला बसव, पट्टीत नको. अंगावर थेट पडलं तर चेहरा जळून पांढरा होतो. कडेला बसवलं तर जमिनीवरून उडालेला मऊ प्रकाश हनुवटीखालून वर येतो आणि चेहरा बोलायला लागतो. मग चट्ट्यावर गडद सतरंजी टाक आणि पुन्हा बघ. मग पांढरी चादर टाक. या तीन चित्रांतला फरक तुला शब्दांत सांगता आला की तू सिनेमॅटोग्राफी शिकायला लागलास असं समज. हे सगळं तुझ्या आत्ताच्या कॅमेऱ्यावर होतं.

लग्नाच्या कामाबद्दल तुझ्या पत्रात जरा कमीपणाचा सूर आहे. तो काढून टाक. हळद एकदाच लागते, अंतरपाट एकदाच दूर होतो. रीटेक नसलेल्या ठिकाणी योग्य जागी उभं राहण्याची सवय तुला लागली आहे. फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या अनेकांना ती यायला वेळ लागतो. रडणाऱ्या नवरीच्या आईकडे कॅमेरा कधी न्यायचा आणि कधी न्यायचा नाही, हेही तुला कळतं. पण लग्नाच्या कामाने एक वाईट खोडही लावली आहे, आणि ती तू पाठवलेल्या क्लिपमध्ये दिसते. कॅमेऱ्याच्या डोक्यावर एलईडी, सगळ्यांचे चेहरे सारखेच उजळलेले, मागचं सगळं धूसर. कोणी अंधारात राहायला नको, कारण प्रत्येक जण पैसे देणाऱ्याचा नातेवाईक. सिनेमात नेमकं उलट करावं लागतं. कोणाला अंधारात ठेवायचं हे आधी ठरतं.

'साहिब बीबी और गुलाम' मधलं 'साकिया आज मुझे नींद नहीं आएगी' पुन्हा बघ. मीनू मुमताज उजेडात नाचते आणि मागच्या सगळ्या नर्तकी पूर्ण सावलीत आहेत, नुसत्या आकृत्या. त्या मुलींचे चेहरे गुरुदत्तला हवे तसे वाटेनात, म्हणून मूर्तींनी त्यांच्यावर प्रकाश पडूच दिला नाही, अशी त्यामागची कथा आहे. अडचणीतून निघालेली वाट, पण बघणाऱ्याला वाटतं की या हवेलीचं दुसरं रूप असूच शकत नाही. हे करायला काय लागतं याचा विचार कर. मागची भिंत थोडी उजळ ठेवायची, म्हणजे आकृत्या सुटून दिसतील. मुख्य नर्तकीवरचा लाइट कटर, म्हणजे प्रकाश अडवणारी काळी फळी, लावून असा कापायचा की तो मागे सांडणार नाही. आणि नाचताना कोणी चुकून एक पाऊल पुढे आलं तर सगळं फसलं, म्हणून प्रत्येकीच्या पावलांच्या जागा पक्क्या करायच्या. हे सगळं निगेटिव्हवर, सेटवर मॉनिटर नसताना. चित्र कसं आलं हे लॅबमधून रशेस, म्हणजे धुऊन आलेली फिल्म, पाहिल्यावरच कळायचं. त्या माणसांच्या डोक्यात चित्र आधी तयार असायचं आणि प्रकाश मोजायचा मीटर फक्त खात्री करायला लागायचा. 'कागज के फूल' आणि 'साहिब बीबी' या दोन्हींसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं.

पण तुझ्यासारखी मुलं १९६२ च्या 'साहिब बीबी'पाशी थांबतात, हे मला खटकतं. १९६४ च्या ऑक्टोबरात गुरुदत्त गेला. मूर्ती तेव्हा चाळिशीत. ज्याच्या मनातलं ते न सांगता ओळखायचे तो माणूस गेला, आणि पुढे अनेक वर्षांचं काम शिल्लक होतं. त्यांनी काय केलं? काम केलं. प्रमोद चक्रवर्तींचे 'लव्ह इन टोकियो', 'नया ज़माना', 'जुगनू' केले. अंधाराचा तो कारागीर रंगीत फिल्मवर, भर उजेडात, गर्दीला आवडणारे सिनेमे चित्रित करत होता. समीक्षक त्यावर फारसं लिहीत नाहीत. मला तो काळ आदराचा वाटतो. कारण आमच्यातल्या बहुतेकांची कारकीर्द अशीच असते: मनासारखा दिग्दर्शक नशिबात असला तर काही वर्षं, बाकी वर्षं नेकीने केलेलं काम. पुढे दूरदर्शनसाठी बेनेगलांची 'भारत एक खोज' ही ५३ भागांची मालिका त्यांनी चित्रित केली, आणि आपल्याच जुन्या असिस्टंटच्या, निहलानींच्या 'तमस'चा कॅमेराही सांभाळला. हाताखालून गेलेल्या मुलासाठी कॅमेऱ्यामागे उभं राहायला मन मोठं लागतं.

२००८ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. निव्वळ कॅमेऱ्याच्या कामासाठी तोवर हा पुरस्कार कोणालाही मिळाला नव्हता. फाळके आपल्या त्र्यंबकेश्वरचे, शेवटही नाशिकमध्येच झाला, पांडवलेण्याच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, हे तुला शाळेपासून माहीत असेल. पण 'राजा हरिश्चंद्र'चा कॅमेरा कोणी चालवला, हे विचारलं तर नाशिकमध्ये फार थोडे सांगतील. त्र्यंबक तेलंग. फाळक्यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, त्यावर वाटाण्याच्या रोपाची वाढ टिपून दाखवली आणि मग तेलंगांना तो चालवायला शिकवला. कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. ती अंधारात बसून पाडायचं काम त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई करायच्या. आपल्या कथापटांत कॅमेऱ्याचं काम असं सुरू झालं: एकाने दुसऱ्याला हाताला धरून शिकवत. त्या पहिल्या कॅमेरामनच्या नावाचा साधा फलक तरी या शहरात असावा, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

आता कोर्सबद्दल. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचा तीन वर्षांचा सिनेमॅटोग्राफीचा अभ्यासक्रम मिळत असेल तर डोळे झाकून जा. पदवी लागते आणि प्रवेश परीक्षा कठीण असते, पण तिथे तुला चुका करायला वेळ मिळतो आणि रात्रभर वाद घालणारे सोबती मिळतात. 'देऊळ' आणि 'सैराट' चित्रित करणारे सुधाकर रेड्डी यक्कंटी तिथलेच, 'किल्ला'वाला अविनाश अरुण तिथलाच. नाही मिळाला तर खचून जाऊ नकोस. 'नटरंग'चे महेश लिमये जे. जे. कला महाविद्यालयातून आले. चित्र काढणाऱ्या माणसाला रंग आणि रचना वेगळ्याने शिकवावी लागत नाही. भरमसाट फी घेऊन काही महिन्यांत 'डीओपी', म्हणजे सिनेमॅटोग्राफर, करून देणाऱ्या खासगी क्लासपासून मात्र लांब राहा. त्या पैशांत मुंबईत कितीतरी महिने निघतात.

कॅमेऱ्याचा मोह सुटावा म्हणून आणखी एक उदाहरण. अमोल गोलेंनी 'स्टॅन्ली का डब्बा' कॅनन सेव्हन-डी वर चित्रित केला, तुझ्यासारख्या लग्नवाल्यांकडे त्या वेळी असायचा तसल्याच कॅमेऱ्यावर. मुलांनी कॅमेऱ्याला बुजू नये म्हणून लहान कॅमेरा योग्य होता. आधी गोष्टीला काय हवं ते ठरलं, मग यंत्र निवडलं गेलं. सिनेमाच्या कामात कॅमेरा बहुतेक वेळा भाड्याने येतो, प्रत्येक कामाला वेगळा. तू आज कर्ज काढून घेतलेला कॅमेरा दोन वर्षांत जुना होईल, आणि हप्ते फेडायला तू पुन्हा लग्नंच करत बसशील.

मुंबईला जाण्याआधी नाशिकमध्ये करण्यासारखं खूप आहे. गोदाघाटावर पहाटे जा, सूर्य वर यायच्या आधी. रामकुंडापाशी नदी दक्षिणेकडे वळते, त्यामुळे पंचवटी पूर्वेला आणि जुनं गाव पश्चिमेला पडतं. सकाळी गावाच्या बाजूला उभा राहून पंचवटीकडे कॅमेरा धर, स्नान करणाऱ्यांच्या मागून प्रकाश येईल, ओल्या खांद्यांना कडा लागेल. संध्याकाळी पंचवटीकडून सराफ बाजाराच्या दिशेने बघ, तोच खेळ उलटा. एकच जागा महिनाभर, वेगवेगळ्या वेळी. डायरीत वेळ, अ‍ॅपर्चर आणि मनात काय वाटलं ते लिही.

मग काळाराम मंदिराचा बाहेरचा काळा दगड. तिथे कॅमेरा ऑटोवर ठेवलास तर तो फसेल, कारण त्याला समोरचं सगळं मध्यम राखाडी करायची सवय असते. तो काळ्या दगडाला उजळून राखाडी करेल आणि समोरच्या आजोबांचं पांढरं धोतर जाळून टाकेल. मॅन्युअलवर ये. आजोबांच्या चेहऱ्यावरून एक्सपोजर ठरव, दगडाला काळं राहू दे. आधी त्यांची परवानगी घे आणि देवळाचे नियम पाळ, हे सांगायला नको. जुन्या नाशिकमध्ये कोणाचा वाडा उभा असेल तर तिथे बस. चौकातून ओसरीवर आणि ओसरीवरून माजघरात प्रकाश कसा पायरीपायरीने उतरत जातो, ते पाहण्यात पूर्ण दुपार घालव. स्टुडिओत लाखो रुपये खर्चून आम्ही तेच उभं करायचा प्रयत्न करतो.

मुंबईत सुरुवात बहुधा चौथा-पाचवा असिस्टंट म्हणून होईल. पैसे थोडे आणि उशिरा. बॅटऱ्या चार्ज करणं, लेन्स पुसणं, रिपोर्ट भरणं, डेटा सांभाळणं. यातलं एकही काम हलकं समजू नकोस. त्यातून फोकस पुलरपर्यंत, म्हणजे शॉट चालू असताना चित्र नेमकं स्पष्ट ठेवणाऱ्या असिस्टंटच्या जागेपर्यंत, पोहोचलास तर ती फार मोठी शाळा आहे. अभिनेता वाक्याच्या आधी श्वास घेतो की नंतर, हे फोकस पुलरला दिग्दर्शकाच्या आधी कळतं. वेस्टर्न इंडिया सिनेमॅटोग्राफर्स असोसिएशनचं सदस्यत्व घ्यावं लागेल, त्याची चौकशी गेल्या गेल्या कर. आणि कामाशिवायच्या दिवसांत सेटवरच्या लाइटमनकडे बस, चहा घे, त्यांना विचार. त्यांनी अनेक कॅमेरामनचं काम जवळून पाहिलेलं असतं आणि ते खरं सांगतात.

कोणाला काम मागताना लांबलचक शोरील, म्हणजे आपल्या कामाचे नमुने जोडलेली फिल्म, पाठवू नकोस. तीन मिनिटं पुरे. स्लो मोशन नको, गाणं नको, ड्रोन नको. घरातल्या आरशाचा तो प्रयोग, घाटावरची एक सकाळ आणि एका माणसाचा न कापलेला, दोन मिनिटं चालणारा शॉट, एवढंच ठेव. खाली दोन ओळी लिही: त्या माणसाच्या कुठल्या सिनेमातला कोणता शॉट तुला समजला नाही आणि तुला त्याबद्दल काय विचारायचं आहे. स्तुतीची पत्रं त्यांना रोज येतात. नेमक्या प्रश्नाला बहुतेक जण उत्तर देतात, आणि भेटायला बोलावतातही. या मोसमातली ठरलेली लग्नं पूर्ण कर, आगाऊ घेतलेले पैसे बुडवून जाऊ नकोस, आणि पावसाळ्यात मुंबईत शूटिंग कमी असतं तेव्हा न जाता दिवाळीनंतर जा.